फुटाला पाव इंच

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे तुम्हीच म्हणाल, हा माणूस बापाशी असा बोललाच कसा. बोललो खरा. त्याची लाज अजून वाटते, आणि बोललो नसतो तर काय झालं असतं हा विचारही अजून सुटत नाही.

आम्ही जबलपूरचे फॅक्टरीवाले. आजोबा वर्धेकडून आले ते इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि भांडण झालं की दोन्ही. बाबा लष्करी सामान बनवणाऱ्या कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये होते. एखादा पोलादी भाग ओतायचा असला की आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करतात, तो वाळूत दाबून साचा घेतात आणि त्या साच्यात वितळलेलं पोलाद ओततात. ते लाकडी नमुने माझे बाबा करायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या लाकडावर नुसता तळवा फिरवला तरी काम कोणाचं ते कळायचं. बोलायचे मात्र मोजकंच, जणू शब्दांनाही गेटपास लागत होता.

एकाहत्तर साली मी एकवीस वर्षांचा होतो आणि वर्षभरापूर्वीच प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांवर, लागलो होतो. लागलो म्हणजे बाबांनी लावलं. मला गिटारीचं वेड होतं. बाबांचं म्हणणं एवढंच, "वाजव ना, कोण नाही म्हणून राहिलं? पण आधी पाळी कर." तेव्हा पाळी करून उरलेल्या वेळात मी मराठी मंडळाच्या ऑर्केस्ट्रात मंडळाचीच साधी, खोक्याची गिटार वाजवत असे. मला शिकवलं होतं नेपियर टाउनमधल्या एका म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन साहेबांनी. ते रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर पोरांना फुकट शिकवायचे आणि चुकलं की बोटांवर पेन्सिल मारायचे.

लढाई अजून लागली नव्हती, पण कारखान्याला ती आधीच कळली होती. बारा-बारा तासांच्या पाळ्या, रविवारचीही ड्यूटी. कोजागिरीच्या आधीचा रविवार होता आणि मंडळात तालीम होती. मी अंथरुणातूनच म्हणालो, "आज मी नाही जात, बाबा. झोप पुरी झाली नाही, आणि तालीम आहे."

बाबा बूट घालत होते. मान वर न करता म्हणाले, "तिकडे पोरं बॉर्डरवर उभी आहेत आणि तू गाणी वाजवत बसतो? चल, ऊठ."

मी उठलो. दुपारी तीनच्या सुमाराला प्रेसनं माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची दोन-दोन पेरं घेतली.

त्याबद्दल जास्त लिहीत नाही. गिटार वाजवणाऱ्याला एवढंच सांगितलं तरी पुरे, की तारा दाबायचा हात डावा. दवाखान्यात बाबा रोज पाळी सुटली की यायचे, संत्रं सोलून बशीत ठेवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. बँडेजकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. त्या रविवारबद्दल चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, दगड आहे हा माणूस. आणि मीही बोलायचं सोडलं. एका घरात, एका चुलीवरचं जेवून, आम्ही बाप-लेक महिनोन्‌महिने "हो", "नाही" आणि "मीठ दे" एवढ्यावर काढले.

मग लढाई लागली आणि दोन आठवड्यांत संपलीही. खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते, ते नंतरही बरेच दिवस तसेच राहिले. मला कारखान्यानं हलकं काम दिलं: टूल रूमच्या खिडकीवर बसून हत्यारं द्यायची आणि परत घ्यायची. लोक हत्यार घ्यायचे, हाताकडे बघायचे आणि उगाच "सब ठीक हो जाएगा, भैया" म्हणायचे. काय ठीक होणार? बोटं काय फुटवे आहेत? आई ग्वारीघाटला जाऊन नर्मदेची ओटी भरून आली. मंडळाचे कार्यवाह काका, जे ऑर्केस्ट्रात पेटी वाजवायचे, ते म्हणाले, "हार्मोनियम शीक, एका हातानं येते." मंडळाची गिटार दुसऱ्या एकाला देऊन झाली होती. चूक कोणाचीच नव्हती, पण मी प्रत्येकावर डाफरत होतो.

साहेबांवर कोण डाफरणार? त्यांनी मला बोलावून घेतलं, हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "दूसरा हाथ नहीं है क्या तेरा?"

त्यांनी स्वतःच्या गिटारीच्या तारा काढल्या, उलट क्रमानं लावल्या आणि ती माझ्या मांडीवर उलटी ठेवली. म्हणजे तारा दाबायच्या उजव्या हातानं आणि छेडायच्या डाव्या. दाबणाऱ्या हाताला काहीच येत नव्हतं, पण ते शिकता आलं असतं. खरी अडचण डाव्याची. अंगठा आणि तर्जनी शाबूत होती, छेडायची चिपटी धरता येत होती. पण खोक्याच्या गिटारीला आवाज काढायचा तर जोरात मारावं लागतं, आणि जोरात मारलं की थोटकांमधून खांद्यापर्यंत कळ जायची. चार सुरांतच डोळ्यांत पाणी आलं.

"इलेक्ट्रिक चाहिए तुझे," साहेब म्हणाले. "उसमें ताकत नहीं लगती. फूँक मारो तो भी बोलती है."

आता जबलपुरात तेव्हा विजेवरची गिटार मी दोनदाच पाहिली होती, दोन्ही वेळा बाहेरून आलेल्या पार्टीकडे. त्यातून उलट्या हाताची! साहेब हसले आणि म्हणाले की मग बनवावी लागेल. त्यांना वाटलं असेल मी हसण्यावारी नेईन. मी घरी आलो आणि जेवताना, कोणालाही उद्देशून नाही असं, बोलून टाकलं: "मी गिटार बनवणार आहे."

आई वाढता वाढता थांबली. बाबांनी घास गिळला, पाणी प्याले आणि विचारलं, "लाकूड कोणतं लागते?"

कोजागिरीनंतर माझ्याशी बोललेलं त्यांचं ते पहिलं अख्खं वाक्य.

कारखान्यातून लाकडाची ढलपीसुद्धा बाबा आणत नसत. गेटवर झडती असायची म्हणून नव्हे. झडती नसती तरी आणली नसती. म्हणून आम्ही लाकडाच्या टालीवर गेलो आणि मंडल्याकडच्या सागाची एक जुनी, चांगली वाळलेली फळी निवडली. बाबांनी ती नखानं टोकली, कानाशी धरून बोटानं वाजवली, वास घेतला. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, शादी करा रहे हो क्या इसकी?" बाबा चक्क हसले. मी बाजूला उभा होतो आणि मला त्या हसण्याचाही राग आला. असा मी.

दर रविवारी व्हरांड्यात काम चालायचं. मला गिटार वाजवता येत होती, पण ती बनवण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. साहेबांच्या गिटारीच्या खांद्याला एका बाजूनं खाच होती. तिच्यावरून आकार घेऊन मी हौसेनं फळी कापली, दर्शनी बाजू कोरलीही, आणि शेवटी लक्षात आलं की आकार उलटा करायचा राहिलाच. झाली ती सुलट्या हाताची. बाबांनी एक नजर टाकली आणि दुसरी फळी आणली. पहिली आईनं उचलली आणि तिच्यावर बसून पोळ्या लाटायला लागली. म्हणाली, "छान झाला हो पाट. अजून एखादा चुकव, सेट होईल."

मला पटाशी धरता येत नव्हती. डाव्या हातातून मूठ निसटायची, मी पटाशी फेकून द्यायचो, आणि मग स्वतःच जाऊन उचलून आणायचो. एका रविवारी पाहतो तर मुठीवर सुतळी गुंडाळलेली, वर सरस लावून पक्की केलेली. माझ्या उरलेल्या बोटांत बरोब्बर बसेल एवढीच जाड. ज्या माणसानं माझ्या हाताकडे कधी पाहिलं नाही, त्याला हे माप कसं कळलं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. मी सुतळीची पटाशी घेतली आणि कामाला लागलो. आज आठवलं की स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटते.

गिटारीच्या मानेवर ज्या आडव्या तारा बसवतात त्यांना आम्ही सतारीसारखे पडदेच म्हणायचो. पडदा जागेवर नसेल तर सूर लागत नाही, मग वाजवणारा कितीही मोठा असो. त्यांचं गणित साहेबांनी दिलं: "पूरी लंबाई को अठारह से भाग दो, पहला परदा वहाँ. जो बचे, उसे फिर अठारह से. बस, करते जाओ." मानेच्या टोकापासून घोडीपर्यंत तार चोवीस इंच ठेवायची ठरली. घोडी म्हणजे खाली ज्या लाकडी ठोकळ्यावर तारा टेकतात तो. मी रात्रंदिवस भागाकार केले आणि वीस पडद्यांचे आकडे वहीत उतरवले.

खुणा बाबांनी केल्या. त्यांनी आपल्या हत्यारांच्या पेटीतली पोलादी फूटपट्टी काढली, चष्मा पुसला आणि चाकूच्या टोकानं एकेक रेघ पाडत गेले. पेन्सिल नाही, पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, म्हणाले. मी आकडा वाचायचो, ते रेघ पाडायचे. तासभर आमच्यात फक्त आकडे होते, पण भांडणाशिवायचा तासभर होता तो. विसावी रेघ पडली आणि भोंगा झाला. लढाई संपली तरी रविवारची ड्यूटी संपली नव्हती. बाबा उठले आणि म्हणाले, "घोडी मी आल्यावर लावू. थांब तोपर्यंत."

मी काय थांबतो! माझी स्वतःची फूटपट्टी होती, शिकाऊ असताना मिळालेली. चोवीस इंच मोजले, खूण केली, घोडी स्क्रूनं पक्की केली. बाबा परतले तेव्हा त्यांनी घोडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि हातपाय धुवायला गेले.

आवाज पकडणारं यंत्र, म्हणजे पिकअप, गोरखपूरच्या बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या भैयांनी करून दिलं. मिलिटरीच्या मोडीतून आलेल्या कानाला लावायच्या जुन्या फोनांमधले लोहचुंबक त्यांच्याकडे डबाभर होते. त्यांच्यावर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळायची, हजारो फेरे. हातानं फिरवायचं ड्रिल वाइसमध्ये पकडलं, मी दांडी फिरवायचो आणि भैया बोटांत तार धरायचे. फेरे मोजायचे मी, आणि नेमकं त्याच वेळी भैयांना सगळ्या मोहल्ल्याच्या लग्नाच्या गोष्टी आठवायच्या. दोनदा मोजणी विसरलो, तीनदा तार तुटली. चौथ्यांदा मी ओरडलो, "भैया, अब एक शब्द नहीं!" त्यांनी तोंडात पान कोंबलं आणि दोन तास मुके राहिले. पैसे विचारले तर म्हणाले, "पहले बजा के दिखाओ."

घरच्या वॉल्व्हच्या रेडिओला मागे ग्रामोफोन जोडायची दोन भोकं होती. त्यात वायर खुपसली की रेडिओतून गिटार ऐकू यायची. लढाईत त्या रेडिओला बाबा कोणाला हात लावू देत नसत. आता त्यांनी स्वतः तो उचलून व्हरांड्यात आणून ठेवला. आधी नुसती घरघर आली, भैयांनी येऊन कुठलीशी वायर कुठेतरी जोडली आणि ती गेली. मग मी अंगठा आणि तर्जनीत चिपटी धरली आणि मोकळी तार हळूच, अगदी हळूच छेडली.

रेडिओ बोलला! कळ नाही, काही नाही. नुसता गोल, भरलेला सूर. आई पोळपाट सोडून धावत आली. मी ती एकच तार किती वेळ छेडली असेन कोण जाणे. बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मला वाटलं, झालं, मिळालं परत.

कुठलं काय! मोकळ्या तारा पेटीशी जुळवल्या की सुरेल. मानेच्या टोकाजवळच्या पडद्यांवरही ठीक. पण हात जसजसा घोडीकडे सरकायचा तसतसा सूर चढा लागायचा, आणि मधल्या पडद्यावर, जिथे मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात यायला हवा, तिथे तो इतका चढा यायचा की कुत्रंही उठून जाईल. उजवा हात नवशिका. त्याला दाबता येत नाही, तो तार ओढतो, म्हणून होतं, असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. साहेब त्या दिवसांत मुलीकडे आसनसोलला गेले होते, नाहीतर त्यांनी पकडलं असतं. दोन महिने मी पाळी करून रोज बसलो. बोटांना घट्टे पडले, सोललेही. सूर तिथल्या तिथे. म्हणजे चढाच.

गणपती तोंडावर आले. कार्यवाह काकांनी तालमीत दोन गाणी ऐकली, पेटीचा भाता मिटला आणि म्हणाले, "बेटा, वाईट वाटून घेऊ नको, पण हे लोकांसमोर नाही चालायचं." मी म्हटलं, "गिटारच बरोबर नसेल कदाचित." तशी ते हसून म्हणाले, "हो हो, नाचता येईना अंगण वाकडं!" सगळे हसले. तोंडात मारल्यासारखा मी गिटार उचलून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी जेवण झाल्यावर मी शेवटचं म्हणून बसलो. ठरवलं होतं, आज लागलं तर लागलं, नाहीतर हा नाद कायमचा बंद. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. मी खालून वर गेलो आणि मधल्या पडद्यावर तोच चढा सूर, तोच. मी चिपटी फेकली.

"नाही जमत! एक हात तुमच्या कारखान्यानं घेतला, आणि हा दुसरा जन्मापासूनच बिनकामाचा! त्या रविवारी मी नाही म्हणत होतो, बाबा. मी नाही म्हणत होतो. तुम्ही पाठवलं मला. तुम्ही!"

आई दारात येऊन म्हणाली, "अरे, कोणाशी बोलून राहिला तू? बाप आहे तो."

बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मला वाटलं उठून जातील. ते म्हणाले, "कुठं चुकते?"

"सगळीकडे!"

"सगळीकडे नाही. दोन महिन्यांपासून मी ऐकून राहिलो ना. मला गाण्यातलं कळत नाही, पण पहिल्या दोन-तीन जागी तू कधी चिडत नाहीस. वाजव. खालून वर, एकेक. गाणं नको."

मी रागारागानंच वाजवलं. एकेक पडदा.

"वर गेलं की जास्त चुकते?"

"हो."

"दर पडद्याला थोडी थोडी वाढत जाते? एकदम नाही?"

"हो म्हटलं ना!"

बाबांनी मानेच्या टोकापासून घोडीपर्यंत बोट फिरवलं. मग फार हळू म्हणाले, "लांबीसंगं वाढत जाणारी चूक हाताची नसते, बेटा. हाताची चूक कुठंही होते. ही फूटपट्टीची चूक आहे. घोडी कशानं मोजली होती?"

"माझ्या फूटपट्टीनं."

ते उठले, पेटीतून आपली फूटपट्टी आणली, माझीही मागितली. दोन्ही पाटावर शेजारी शेजारी ठेवल्या, एका टोकाला जुळवून. माझा फूट संपला तिथे त्यांचा संपला नव्हता. तो पाव इंच पुढे गेलेला होता.

मी डोळे चोळून पाहिलं. मग बाबांनी सांगितलं. पोलाद थंड होताना आक्रसतं, फुटामागे पाव इंच. म्हणून पॅटर्नवाल्यांची फूटपट्टीच मुळात तेवढी लांब केलेली असते. तिचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. त्या मापानं लाकूड कापायचं, म्हणजे पोलाद निवून आक्रसलं की भाग बरोबर हव्या त्या मापाचा उतरतो. सव्वीस वर्षं बाबांच्या हातात हीच फूटपट्टी. समोर लाकूड आलं की हात आपोआप तिच्याकडे जायचा. पण गिटार काही ओतायची नव्हती, ती कुठं आक्रसणार होती! पडदे बसले मोठ्या इंचांवर, घोडी बसली माझ्या खऱ्या इंचांवर. दोन फुटांत अर्धा इंच घोटाळा.

अंगण खरोखरच वाकडं होतं हो! दोन महिने मी ज्या हाताला शिव्या घातल्या, तो बिचारा बरोबर दाबत होता.

"चूक तुझ्या हाताची नाही," बाबा म्हणाले. "माझी आहे."

"तुम्ही थांब म्हणाला होता. तुमच्या फूटपट्टीनंच घोडी लावली असती तर जमलंच असतं. मीच नाही थांबलो."

"तुला काय माहीत होतं? मला माहीत होतं. मला पाह्यला पाहिजे होतं."

तारा सैल केल्या, घोडीचे स्क्रू काढले. बाबांनी अर्धा इंच मागे चाकूनं रेघ पाडली, मी नवी भोकं पाडली, घोडी बसवली, तारा पुन्हा चढवल्या. मोकळी तार. मधला पडदा. तोच सूर, वरच्या सप्तकात, अगदी स्वच्छ. मी पुन्हा छेडला. पुन्हा तोच. मग एकेक करत विसाव्या पडद्यापर्यंत गेलो आणि खाली आलो, आणि माझा उजवा हात, तो बिनकामाचा हात, सगळं बरोबर करत होता.

मी हसत वर पाहिलं तर बाबांचं लक्ष सुरांकडे नव्हतं. ते माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. दहा महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोटकांवरून अंगठा फिरवला, जसे ते लाकडावरून फिरवायचे.

"घोडी मागे घेता आली," ते म्हणाले. "तो रविवार नाही घेता येत. मी तुला घरी राहू द्यायला पाहिजे होतं. चुकलो मी. रोज म्हणायचं असते, पण तोंडच उघडत नाही."

बाबा रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आजोबा गेले तेव्हाही नाही. मीही रडलो, आणि आई तर आमच्या आधीच सुरू झाली होती. मी म्हटलं, "राग होता, बाबा. फार होता." ते म्हणाले, "असायलाच पाहिजे." मी म्हटलं, "आता नाही." त्या दुपारी ते खरं होतं. पुढे आयुष्यात हात बघून कधीमधी जीव जळला, नाही असं नाही, पण बाबांवरचा राग त्या दिवशी गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी बाबांनी जे केलं त्याला माझ्या मते लढाईवर जाण्याएवढी छाती लागते. सव्वीस वर्षांत ज्याचा एक नमुना परत आला नव्हता, त्या माणसानं जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या शॉपला आपण होऊन सांगितलं की मी मुलाची गिटार पोलाद ओतायच्या फूटपट्टीनं मोजली. हसून हसून लोकांनी डबे सांडले म्हणे. चिडवणं महिनाभर चाललं. संध्याकाळी ते वाटेत कार्यवाह काकांच्या घरी थांबले आणि त्यांनाही सांगितलं: पोराचा हात चांगला आहे, माप माझं चुकलं होतं. काकांनी मला गणपतीत सात गाणी दिली.

पॅटर्न शॉपवाले झाडून सगळे आले होते. रेडिओवाले भैया पहिल्या रांगेत, तोंडात पान. मी वाजवलं. फार सुंदर वाजवलं असं म्हणणार नाही, पण वाजवलं, उलट्या हातानं, लोकांसमोर, सातही गाणी.

घरी परतताना गिटार बाबांनी खांद्यावर घेतली होती. चालता चालता ते सारखे घोडी चाचपत होते. मग न राहवून, जरा घाबरतच विचारलं, "मधे तीन ठिकाणी चुकलं ना रे? घोडी सरकली काय?"

"नाही, बाबा. घोडी जागेवर होती."

"मग पडदे?"

"पडदेही बरोबर होते. मीच चुकलो. नवीन हात आहे."

ते थांबले. "तूच?"

"मीच."

"पक्कं?"

"पक्कं, बाबा. तिन्ही चुका माझ्या."

बाबा भर रस्त्यात मोठ्यांदा हसायला लागले, आणि त्या तीन चुकांचा मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू.